न घातलेली पिन

आमचे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान ज्योतीराम, नट-बोल्टाच्या बाबतीत इतके काटेकोर होते की त्यांच्याबरोबर निवांत चहा पिणंसुद्धा मुश्कील व्हायचं. मोशीला आमच्या घरी आले की दाराची कडी ढिली आहे, कंदिलाचा कान सैल आहे, माझ्या सायकलचं मागचं चाक डगमगतंय, हे सगळं पहिल्या घोटाच्या आत सांगून मोकळे. चहा गार झाला तरी चालेल, पण कडी घट्ट झाली पाहिजे. अशा माणसाच्या हातून जे झालं ते मी सांगणार आहे. सांगताना माझा तोल जाईल. गेला तर गेला, तीन वर्षं मी तो सांभाळतोच आहे.

दाजी दापोडीच्या वर्कशॉपात फिटर. आठवडाभर तिथंच एका खोलीत राहायचे आणि शनिवारी सुटले की सायकलीनं निघोज्याला घरी. सहा दिवस बसगाड्यांच्या पोटाखाली पडून राहिलेल्या माणसाला सातव्या दिवशी काय करावंसं वाटावं? दाजींना गाडीच्या पोटाखाली पडून राहावंसं वाटायचं. फरक एवढाच, की ती गाडी त्यांची स्वतःची होती.

चाकणचे कांद्याचे व्यापारी उद्धवराव यांच्या वखारीत ती धूळ खात उभी होती. लढाईच्याही दहा वर्षं आधीची, विलायती, कापडी टपाची. चाकांचे आरे लाकडी. पुढचा बिल्ला कुणीतरी उचकटून नेलेला, त्यामुळे ती कुठल्या कंपनीची यावर गावात कायम वाद. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. दाजींनी एकदा सहज विचारलं, तर उद्धवराव म्हणाले, "घेऊन जा की बाबा, तेवढीच पोत्यांना जागा हुईल." दोन बैलजोड्या लावून ती निघोज्याला आणली, त्याच वर्षी आमच्या सगुणाचं लग्न झालं. नवरी आणि गाडी एकाच साली त्या घरात आल्या आणि लाड गाडीचे जास्त झाले, असं मी चेष्टेनं म्हणायचो. सगुणा हसायची. तेव्हा ती हसायची.

आठ वर्षं त्यांनी त्या गाडीला दिली. गावच्या सुताराकडून बाभळीचे आरे करून घेतले. मडगार्डचा पत्रा ठोकून ठोकून सरळ केला. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारचे रविवार हिंडून एकेक दातेरी चाक शोधून आणलं. आणि एक नेम होता: काढलेली पिन परत घालायची नाही. जिथं नट सुटला तर जीव जाईल, तिथं नटाच्या खाचेतून आणि बोल्टाच्या भोकातून एक दुपायी पिन घालतात आणि तिचे पाय मागे दुमडतात. मग हादऱ्यानं नट फिरू शकत नाही. एकदा दुमडलेला पाय सरळ केला की तो मनातून मोडलेला असतो, असं दाजी म्हणायचे. जुनी पिन फेकायची, नवी घालायची.

आता दाजींच्या आईबद्दल, अंबूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचा धाकटा मुलगा मालोजी. खंडेनवमीला घराघरात हत्यारांची पूजा होते, आणि दसऱ्याला शीव ओलांडून येईपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. मालोजीनं एका नवमीला कोयता उचलला. म्हैस ओरडत होती, वैरण संपली होती, एवढंच कारण. कोयता नडगीवर बसला, जखम तीन बोटांचीही नव्हती. अकराव्या दिवशी धनुर्वातानं तो गेला. तेव्हापासून त्या घरात नवमीला साधी सुईसुद्धा पूजेत जाते. अंबूबाईंना कुणी काही समजावायला जात नाही. मुलगा त्यांचा गेलाय, समजवायला जायचं कुणी?

छप्पन साली श्रावणात इंजिन सुरू झालं. दाजींचे वडील चिमाजी आबा गोठ्याच्या दारात उभे राहून रडले. मग सगळ्या गावाला सांगत सुटले, यंदाचं सीमोल्लंघन आमच्या गाडीतून. म्हातारा चांगला होता. आठ वर्षं गावानं त्याला "काय आबा, उडाली का गाडी?" असं डिवचलं होतं. त्याला एकदा, एकदाच, त्या गाडीत बसून शिवेपर्यंत जायचं होतं.

मी नवमीलाच निघोज्याला पोचलो. दाजी गोठ्यात गाडीजवळ उकिडवे बसले होते. मी आल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. तळहातावर नवीन पिन होती.

"काय झालं, दाजी?"

"पाना न्हाई," ते म्हणाले.

मागच्या रविवारी त्यांनी स्टिअरिंगचा दांडा तपासला होता. पुढच्या चाकांना स्टिअरिंगचा हुकूम पोचवणारा तोच. त्याच्या टोकाची पिन गंजलेली दिसली, ती त्यांनी काढून फेकली. त्या मापाची नवी जवळ नव्हती. ती दापोडीहून आणायची आणि नवमीला सकाळी घालायची, असा बेत. पण आदल्या दिवशी जादा काम निघालं, दाजी नवमीला पोचले ते उन्हं वर आल्यावर. तोवर अंबूबाईंनी पहाटेच सगळी हत्यारं गोळा केली होती. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, कोयते, आणि त्यांच्या शेजारी घोंगडीवर दाजींचे सगळे पाने, पक्कड, हातोडी. हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून.

"हातानं घाला की पिन," मी म्हणालो.

"खाच आन भोक जुळत न्हाई. नट पाव फेरा आवळाय लागतोय. पान्याबिगर न्हाई व्हायचं."

"मग उचला पाना. आईंना कळणार पण नाही."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ आवरली. शेजारून मागावा म्हटलं, तर त्या दिवशी गावात एकही पाना मोकळा नव्हता, घराघरात पूजा.

"मग उद्या गाडी नेऊ नका. आबांना सांगा, तयार नाही."

"आठ वर्षं त्येच सांगतोय, मुरारी." मग पिन शर्टाच्या खिशात टाकून म्हणाले, "नट घट्ट हाय. शिवेपत्तुर मैलभर. बैलाच्या चालीनं न्हेतो. कायबी हुत न्हाई."

काही होत नाही! हे तीन शब्द त्यांनी वर्कशॉपात कुणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले असते, तर त्याला गाडीखालून पाय धरून ओढून काढलं असतं. मला त्या क्षणी राग यायला हवा होता. आला नाही. मला भीती वाटली, आणि मी ती गिळून त्यांच्याबरोबर जेवायला बसलो.

दसऱ्याला दुपारी गाडी निघाली. बॉनेटवर झेंडूची माळ. दाजी पांढऱ्या धोतरात, डोक्याला फेटा. शेजारी चिमाजी आबा, मागे अंबूबाई आणि सगुणा, मी डाव्या फूटबोर्डावर. अंबूबाईंच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एक पाना होता. त्यांच्या घरची रीत अशी, की पूजेतलं एक हत्यार बरोबर घेऊन शीव ओलांडायची, मग सगळी हत्यारं मोकळी होतात. इतकी वर्षं विळा नेत. या वर्षी पोराचं कौतुक म्हणून पाना नेला. तो पाना नेमका मापाचा होता. मी एकदा त्या फडक्याकडं बघत होतो, एकदा पुढच्या चाकाकडं.

गाडी खरंच बैलाच्या चालीनं चालली. लोक दोन्ही बाजूंनी चालत होते आणि आम्हाला मागं टाकत होते. ओढ्याकडच्या उतारावर दाजींनी ती जवळजवळ उभीच केली, इंचाइंचानं खाली उतरवली. त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. ओढ्यात पाणी घोट्याएवढं. पलीकडचा चढ चढून शेंदूर फासलेल्या शिवेच्या दगडापाशी पोचलो, तेव्हा माझे हात टपाच्या दांडीला धरून धरून बधिर झाले होते.

शीव ओलांडली. आपट्याची पानं वाटली. लोक पाया पडत होते, गाडीवर हात फिरवत होते. अंबूबाईंनी फडकं सोडलं आणि पाना मुलाच्या हातात दिला.

"घे ज्योती. तुजं हत्यार मोकळं झालं."

मी हे चार वेळा लिहून खोडलंय. पाना त्यांच्या हातात होता, पिन खिशात होती. गाडी उभी होती. दोन मिनिटांचं काम, आणि आता कुणाचीही आडकाठी नव्हती, देवाची नाही, आईची नाही.

मी जवळ जाऊन म्हणालो, "दाजी, घाला आता."

त्यांनी भोवती बघितलं. अख्खं गाव होतं. धोतर खोचून सगळ्यांदेखत गाडीखाली शिरायचं म्हणजे आठ वर्षांनंतरही ती अर्धवटच आहे हे कबूल करायचं. आणि बिनपिनेच्या गाडीत आईबापाला बसवून आणलं, हेही.

"घरी गेल्यावर," ते हळूच म्हणाले. "हितं लोकं हायेत." आणि पाना सीटखाली सारला.

मी काय केलं? फूटबोर्डावर चढलो. ओरडायला हवं होतं, तिथल्या तिथं तमाशा करायला हवा होता. मलाही लोकांची लाज वाटली, दुसरं काही नाही.

परतताना चिमाजी आबा खुशीत आले होते. सोबत पळणाऱ्या लोकांना हात करत होते. ओढ्याचा उतार लागला तसे म्हणाले, "आता जरा पळीव की रं. मघाशी गाडीत बसलोय का पालखीत, कळंना."

दाजींनी पळवली. फार नाही, घोडा दुडक्या चालीनं जाईल तेवढी. निम्म्या उतारावर माझ्या पायाखाली खट् असा आवाज झाला. मी दाजींकडे बघितलं. ते स्टिअरिंग फिरवत होते आणि ते नुसतंच गरगर फिरत होतं. चाकं आपल्या मर्जीनं डावीकडं वळली. मी आधी फेकला गेलो, म्हणून वाचलो. गाडी कडेच्या दगडी बांधावर आदळली आणि चिमाजी आबा पुढच्या पुढं बांधापलीकडं फेकले गेले.

मी उठलो तेव्हा सगुणा सासूला धरून बसली होती. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. दाजी खाली उतरले होते. बापाकडे जायच्या आधी त्यांनी वाकून गाडीखाली बघितलं. क्षणभरच. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. आबांना बैलगाडीत घालून चाकणला नेलं, पण ते वाटेतच गेले.

दहाव्याच्या दिवशी घाटावरून येऊन सगळे ओसरीवर बसले होते. अंबूबाईंनी दहा दिवसांत तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या एकदम म्हणाल्या,

"नवमीला कुणी हत्यार उचललं?"

मी दाजींकडे बघितलं. आता सांगतील, मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही.

"मी, आत्याबाई," सगुणा म्हणाली.

ती दारात उभी होती, कपाळावर पट्टी. "दादा आला हुता. घरात भोपळाच हुता निस्ता. म्हून पूजेतली इळी घेतली, गुमान. चिरला आन परत ठिवली. मला वाटलं, भाजीला काय हुतंय."

तो भोपळा मी खाल्ला होता. दोनदा वाढून घेतला होता.

अंबूबाई फक्त "तवाच" म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. दाजींनी उघडलेलं तोंड मिटलं. ते उठून गोठ्यात गेले. मी मागोमाग गेलो आणि त्यांची बाही धरली.

"सांगा आत जाऊन. आत्ता."

"आई मरंल, मुरारी. पाना तिच्या मांडीवर हुता. तिनं सोताच्या हातानं मला दिला."

"आणि माझी बहीण?"

दाजींनी बाही सोडवून घेतली. मग म्हणाले, "सुतक सरू द्या. सांगतो."

सुतक सरलं, वर्षश्राद्ध झालं. अंबूबाई सुनेच्या हातचं पाणीही घेत नाहीत, शेजारची तानाबाई येऊन त्यांची भाकरी थापते. दाजींनी गाडी मोडीत दिली. दापोडीला अजून जातात. तिथं म्हणे त्यांच्याइतका चोख फिटर नाही, प्रत्येक पिन दोनदा तपासतो. हे ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

यंदाच्या नवमीला मी गेलो होतो. मोशीहून निघताना वाक्य तयार केलं होतं आणि सायकलवर वाटभर घोकलं होतं. सगुणा त्या दिवशी निर्जळी असते. पूजा झाली की ती आधी सासूच्या आणि मग नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. अंबूबाईंनी पाय आखडून घेतले. दाजींच्या पायावर तिनं डोकं ठेवलं आणि म्हणाली, "माज्यामुळं मामंजी गेलं. मला पदरात घ्या." दरवर्षी हेच म्हणते.

"ऊठ," दाजी म्हणाले. आणि माझ्याकडं बघितलं.

तयार केलेलं वाक्य तोंडात होतं. अंबूबाई समोर होत्या, वाळून काडी झालेल्या. मी खाली बघितलं.

सगुणा उठली. पदरानं डोळे पुसले आणि ओशाळून मला म्हणाली, "दादा, आज चूल न्हाई रं. तुला उपाशी जावं लागंल."