खऱ्या वाक्यांचा वर्ग

अनगोळमधल्या समताच्या घरातल्या पुढच्या खोलीला सगळे 'वर्ग'च म्हणत. उद्यमबागेतल्या कारखान्यांची पाळी सुटली की फौंड्रीतली माणसं रिकामा डबा हातात घेऊनच तिथं यायची, सतरंजीवर बसायची आणि इंग्रजी बोलायला शिकायची. समताचे वडील भीमसेन फौंड्रीत साचे भरायचे. डिप्लोमा झालेली घरातली ती पहिलीच. तिच्या पहिल्या मुलाखतीत पाठ केलेली सगळी वाक्यं घामाबरोबर वाहून गेली होती. म्हणून तिच्या वर्गाला एकच नियम होता. वाक्य स्वतःबद्दलचं पाहिजे आणि खरं पाहिजे. खरं असलं की विसरत नाही.

"विशेषण एकटं सोडायचं नाही," ती सांगायची. "नुसतं रेडी म्हटलं तर समोरचा विचारणार, कशाला? म्हणून रेडी टू, पुढं काम. गुड म्हटलं की ॲट. अफ्रेड म्हटलं की ऑफ, आणि पुढं ज्याला भितो ते."

"आय एम अफ्रेड ऑफ माय वाइफ," फौंड्रीतला भरमा म्हणाला.

"खरं वाक्य सांगा म्हटलंय."

"ह्याच्यापरीस खरं कुठनं आणू, आक्का?"

हशा पिकला. मग पाळी ज्योतिबाची आली. हा कणकुंबीकडच्या खेड्यातला, भट्टीवर काम करणारा, अबोल माणूस. "आय एम अफ्रेड ऑफ द फर्नेस," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. नंतर चपला घालताना त्यानं समताला सांगितलं, "भट्टीच्या धगीनं उजव्या डोळ्याम्होरं धुकं येतंय. डॉक्टर म्हणत्यात, भट्टी सोड. फौंड्रीत कुणाला बोललो न्हाय. काढून टाकतील."

तेव्हापासून त्याला दुसरीकडं नोकरी मिळवून देणं समतानं आपलंच काम मानलं. दुसऱ्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात माणूस हवा होता. सावलीतलं काम, बाहेरच्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं. तिनं त्याची तयारी करून घेतली. गुड ॲट पॅकिंग. फॅमिलियर विथ कास्टिंग्ज. ईगर टू लर्न. प्रत्येक वाक्य त्याचं स्वतःचं, तपासून घेतलेलं. तो इतका तयार झाला की भरमा म्हणाला, "आता ह्यो गावाकडं म्हशीला बी इंग्रजीतच हाकणार."

मुलाखतीच्या दिवशी तो वर्गाच्या वेळेआधीच आला. शर्ट अजून खोचलेला होता.

"सगळं आलं, आक्का. कुठं अडलो न्हाय. शेवटाला साहेबांनी विचारलं, भट्टीचं काम सोडून हिकडं का येतोस?"

"मग? ईगर टू लर्न म्हणालात ना?"

"तेच म्हणणार हुतो. पर पोटात हुतं ते आलं. आय एम अफ्रेड ऑफ लूझिंग माय आईज." तो थांबला. "चुकलं काय?"

समतानं त्याच्या खोचलेल्या शर्टाकडं पाहिलं. "वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली.

"व्हय. साहेब बी व्हेरी गुड म्हणाले."

तिकडून फोन आला नाही. उद्यमबागेत साहेबांची एकमेकांत ओळख असते. थोड्याच दिवसांत ज्योतिबाच्या फौंड्रीतल्या साहेबानं त्याला बाजूला बोलावून डोळ्याबद्दल विचारलं. त्यानं तिथंही खरं तेच सांगितलं. उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला शांतपणे सांगण्यात आलं.

गावाकडं परत जायच्या आधी तो वर्गात एकदा येऊन बसला. पिशवी शेजारीच होती. समता फळ्यापुढं उभी राहिली.

"आज नियम मोडूया," ती म्हणाली. "आज खोटी वाक्यं सांगा. तीही यायला पाहिजेत. मी ती शिकवलीच नाहीत."

भरमानं घसा खाकरला. "आय एम नॉट अफ्रेड ऑफ माय वाइफ." कुणी हसलं नाही.

मग ज्योतिबानं मान वर केली. एक डोळा किंचित बारीक करून त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि एकेक शब्द नीट लावत म्हणाला, "आय एम हॅपी टू गो होम." जरा थांबून त्यानं विचारलं, "बरोबर?"

"बरोबर आहे, अण्णा," समता म्हणाली. पुढच्याला हाक मारण्याऐवजी ती फळ्याकडं वळली आणि त्याचं वाक्य लिहू लागली.