दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई

पुस्तक छापून झालं की लेखकाकडे प्रती उरतात आणि माझ्याकडे किस्से. प्रती निदान वाटून तरी संपतात! मी नाशिकची फ्रीलान्स संपादक. म्हणजे लोकांनी लिहिलेले गावांचे, घराण्यांचे, देवळांचे इतिहास छपाईआधी नीट करून देते. किस्से ऐकून मैत्रिणी हसतात. मला त्या त्या वेळी अजिबात हसू आलेलं नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

*

सुरुवात पेन्सिलीने झाली. तेव्हा मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला होते. दिवसभर पार्ट तपासायचे, शिफ्ट सुटली की लायब्ररी गाठायची आणि इतिहासाचं मिळेल ते वाचायचं. एका पुस्तकात एकच किल्ला दोन वेगवेगळ्या राजांनी एकाच वर्षी बांधला होता! राहवेना. समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या लिहीत गेले.

ग्रंथपाल बाईंनी पकडलं. "पुस्तक खराब केलंत तुम्ही!"

"बाई, ते आलं तेव्हाच खराब होतं."

लेखक नाशिकचेच. बाईंनी रागारागाने ती प्रत त्यांनाच नेऊन दाखवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. मी बोलणी खायच्या तयारीत. तर म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढतोय. उरलेली पानंही बघता का?"

वर्षभरात नोकरी सोडली. इतिहास वाचत बसायचं, तेच काम! मला वाटलं, सुख म्हणतात ते हेच.

*

निफाडच्या एका दादासाहेबांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला. त्यांचे मूळपुरुष चाळिसाव्या पानावर लढाईत मारले गेले. बासष्टाव्या पानावर त्यांना मुलगा झाला!

मी फोन केला. "दादासाहेब, हे कसं शक्य आहे?"

ते म्हणाले, "ताई, ते लय पराक्रमी होते हो!"

*

त्र्यंबकचे एक काका. जुन्या देवळांवरचं हस्तलिखित. त्यात एका शिलालेखाचा उल्लेख, जो मी आजवर कुठेच वाचला नव्हता. जीव हरखला माझा!

"काका, हे कुठे मिळालं?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं."

"कुणी पाठवलं?"

"ग्रुपवर फिरत होतं."

दोन दिवस त्यांच्या मागे लागले. शेवटी काका कबूल झाले, "मूळ मेसेज माझाच होता. पण तो माझ्याकडे फिरून आला ना! एवढ्या लोकांनी पुढे पाठवला, म्हणजे काहीतरी तथ्य असणारच."

*

आमच्या सासूबाईंना सोसायटीत कुणीतरी विचारलं, "सून काय करते?"

"घरीच असते. दुसऱ्यांच्या चुका काढते."

त्या बाईंनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "आमचीपण तसलीच आहे."

*

ओझरला राहणारे एक निवृत्त इंजिनिअर. त्यांनी जुन्या घाटवाटांवर फार मेहनतीने पुस्तक लिहिलेलं. मी दोन महिने खपून फाइल तपासली. कॉम्प्युटरवर माझा प्रत्येक बदल लाल रंगात दिसतो. लेखकाने एकेक बघून मान्य करायचा. फाइल त्यांच्याकडून परत आली. उघडून बघते तर जशीच्या तशी पहिली! माझी एकही दुरुस्ती नाही.

"सर, माझे बदल कुठे गेले?"

"अहो, स्क्रीनभर नुसतं लाल! बघूनच बीपी वाढलं माझं. मग एक बटण सापडलं, 'रिजेक्ट ऑल'. ते दाबलं, तेव्हा कुठे बरं वाटलं!"

तेव्हापासून मी दुरुस्त्या हिरव्या रंगात करते.

*

सिन्नरकडच्या एका गुरुजींनी आपल्या बौद्ध वस्तीचा इतिहास लिहिला. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून त्यांनी आपली स्वतःची विहीर खोदली, त्याची सगळी हकिगत. वाचताना मी मध्येच थांबून पाणी प्यायले, इतकं चांगलं लिहिलेलं. पण शेवटी तीन पानं नुसती नावं! विहीर खोदणाऱ्यांची.

"गुरुजी, यादी काढू या. वाचक कंटाळतील."

"नको, ताई."

चार वेळा सांगून पाहिलं. चारही वेळा, "नको, ताई." वैतागले मी! म्हटलं, ठेवायचीच तर निदान नीट ठेवू. नावं बोलीत होती, ती सगळी प्रमाण मराठीत आणली. गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे शेवटचं प्रूफ मीच पाहिलं.

प्रकाशन वस्तीतच, विहाराच्या अंगणात झालं. भाषणं संपली आणि लोकांनी पुस्तक मागूनच उघडलं. जो तो यादीवरून बोट फिरवतोय!

एक आजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, मला वाचता येत नाय. यात माझा बाप कुठं हाय, दाव. इठू भिका."

मी पान काढलं, त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. "हे बघा, आजी. विठ्ठल भिकाजी."

"हा नाय. माझा बाप इठू."

"तेच आहेत हे. मी फक्त नाव शुद्ध करून लिहिलंय."

आजींनी बोट उचललं. माझ्याकडे बघितलं.

"का? माझा बाप अशुद्ध व्हता का?"