'नाका', पान एकेचाळीस

ज्युलियस मिस्किटा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि उपनगरातल्या रस्त्यांचे आद्य छायाचित्रकार आहेत. यातली पहिली गोष्ट त्यांना ठाऊक होती. दुसरी तीन वर्षांपूर्वी कळली.

त्याआधी आमच्या मरोळ गावठाणात त्यांची ओळख साधी होती. एमआयडीसीतल्या पंख्यांच्या कारखान्यात टाइमकीपर, एथेल आंटीचा नवरा, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की गळ्यात सेकंडहँड रशियन कॅमेरा अडकवून नाक्यावर उभा राहणारा येडा. त्या काळी फोटोची हौस असलेले लोक बस पकडून समुद्राकडे जायचे. अंकल नाक्यावरच थांबायचे. लोक विचारायचे, "पेपरात येणार काय?" नाही म्हटलं की ते तोंड फिरवून कामाला लागायचे, आणि अंकलना नेमका तोच फोटो हवा असायचा.

१९८३ साली त्यांनी 'नाका' नावाचं पुस्तक स्वतःच छापलं. पाचशे प्रती. साकीनाक्याचा एक लग्नपत्रिकावाला प्रेसवाला तयार झाला. मुखपृष्ठावर गणपती नको, हे त्याला पटवायला आठवडा गेला. तरी सवयीने त्याच्या हातून शेवटच्या पानावर एक ओळ छापून गेलीच: 'कृपया आहेर आणू नये'. कोणी आणलाही नाही. तेवीस प्रती विकल्या गेल्या. काही लग्नाबारशाला भेट म्हणून खपल्या. उरलेले गठ्ठे तळमजल्याच्या खोलीत, निगेटिव्हच्या डब्यांशेजारी पडून राहिले. २००५ च्या सव्वीस जुलैला मिठी नदी घरात आली आणि दोन्ही घेऊन गेली. एक प्रत तेवढी वाचली, कारण ती कपाटावर एथेल आंटीच्या शिलाई मशीनच्या झाकणाखाली होती.

मग तीन वर्षांपूर्वी श्यामकांत आले. हे दुर्मीळ फोटो-पुस्तकांचे संग्राहक. लोखंडवालाच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना 'नाका'ची एक कोरी प्रत सापडली होती. घरात शिरताच त्यांनी पांढरे हातमोजे घातले. एथेल आंटीला वाटलं, डॉक्टर आहेत.

"सर, किती प्रती शिल्लक असतील?"

"पुरात गेल्या सगळ्या, कपाटावरची एक सोडून," अंकल म्हणाले. "निगेटिव्हही गेले."

"निगेटिव्हही?" श्यामकांतांचा चेहरा उजळला. "सर, त्या पुराने तुमच्या पुस्तकाचं सोनं केलं!"

अंकल त्या पुरानंतर चार महिने कोणाशी धड बोलले नव्हते. त्यांनी पाहुण्यांना चहा विचारला.

पुढचं भराभर झालं. मृणालिनी नावाच्या कलासमीक्षक बाईंनी लांबलचक लेख लिहिला. अंकलचे फोटो थोडे हललेले असतात, त्यात बाईंना महानगराची अस्वस्थता दिसली. अंकल म्हणाले, शटरचा स्प्रिंग ढिला होता. बाईंना हे उत्तर फार विनम्र वाटलं. 'कृपया आहेर आणू नये' या ओळीवर तर दीड पान होतं: कलावंताने बाजाराला दिलेला शांत नकार.

अंधेरीच्या एका काचेच्या टॉवरमध्ये प्रदर्शन भरलं. मधोमध काचेची पेटी, आत श्यामकांतांची प्रत, चौदा-पंधरा पानांवर उघडलेली. त्या पानांवर बंद दुकानांची शटरं होती. अख्ख्या पुस्तकात माणूस-जनावर काहीच नसलेली तेवढी दोनच पानं, पण मृणालिनीबाईंना त्यांतलं मौन आवडलं होतं. पान स्कॅन करून भिंतीवर लावायला श्यामकांतांची परवानगी नव्हती. त्याने म्हणे दुर्मीळपणा पातळ होतो.

तिथे पन्नाशीच्या एक बाई आल्या, उत्तरा सपकाळ. सरळ अंकलकडे येऊन म्हणाल्या, "अंकल, माझे बाबा नाक्यावर सायकली दुरुस्त करायचे. मरेपर्यंत सांगायचे, एका पुस्तकात माझा फोटो आहे. आम्हाला वाटायचं, फेकतायत."

"पान एकेचाळीस," अंकल ताबडतोब म्हणाले. "ट्यूब पाण्यात धरलीय, पंक्चर शोधतोय, आणि हसतोय."

"कोणाकडे बघून?"

"माझ्याकडे. मला म्हणाला, कॅमेऱ्यात रोल तरी आहे काय रे?"

उत्तराबाईंनी डोळे पुसले. घरी बाबांचा फोटो होता तो फक्त आधार कार्डावरचा, त्यात ते पोलिसांना हवे असल्यासारखे दिसत होते.

अंकल श्यामकांतांकडे गेले. "जरा पेटी उघडा. एक पान दाखवायचंय."

"पान उलटायचं? सर, बांधणीवर ताण येईल."

"बांधणी कसली? दोन पिना मारल्यात त्याला."

"मूळ पिना आहेत सर त्या."

"अहो, पुस्तक माझं आहे!"

"फोटो तुमचे, सर," श्यामकांत अत्यंत आदराने म्हणाले. "पुस्तक माझं."

अंकल उत्तराबाईंना रिक्षात घालून थेट घरी घेऊन आले. कपाटावरची प्रत काढली आणि ब्लेड शोधायला लागले. एथेल आंटीच्या ध्यानात आलं.

"ज्युलियस, श्यामकांत ही प्रत विकत मागतोय. पान कापलंस तर घेणार नाही हां."

"मग राहील आपल्याकडे."

त्यांनी एकेचाळिसावं पान मुळाशी कापलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "मागच्या बाजूला म्हैस आहे. चालेल ना?"

"चालेल," उत्तराबाई म्हणाल्या. पान त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

बातमी नाक्यावर पोचायला किती वेळ लागणार! पुढच्या रविवारपासून माणसं यायला लागली. कोणाची आत्या केळी विकत होती, कोणाचा भाऊ बँडमध्ये ट्रंपेट घेऊन उभा होता. गोरेगावहून आले, दहिसरहून आले. अंकल पान उलटायचे, माणूस ओळखायचे आणि ब्लेड फिरवायचे.

श्यामकांत पहिल्यांदा हादरले. आठवड्याभरात त्यांना समजलं, की आता संपूर्ण प्रत जगात बहुधा त्यांचीच. त्यांनी काजूकतलीचा मोठा डबा पाठवला, सोबत आभाराचं कार्ड. मृणालिनीबाईंनी ही कापाकापी 'पुस्तकाच्या शरीराचं विसर्जन' म्हणून मांडली, आणि एका महोत्सवात रंगमंचावर पानं कापायला अंकलना बोलावलं. अंकलनी कळवलं, रविवारी घरी माणसं येतात, जमणार नाही.

गेल्या महिन्यात मुलुंडहून एक वयस्क गृहस्थ आले. पान नऊवर दुधाच्या केंद्रासमोर रांग आहे. तिच्यातल्या चौकड्यांच्या शर्टवाल्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा मी." त्या दिवसांत घरची परिस्थिती बेताची होती, फोटो काढणं परवडायचं नाही, असं बरंच काही सांगितलं. अंकलनी निमूटपणे पान कापून दिलं. ते गृहस्थ फाटकाबाहेर गेल्यावर एथेल आंटी म्हणाल्या, "अरे, तो चौकडीवाला आपला डॅरिल ना? कधीच कॅनडाला गेलेला?"

"हां, डॅरिलच."

"मग?"

"डॅरिलकडे हजार फोटो असतील गं," अंकल म्हणाले, आणि डब्यातली काजूकतली तिच्यापुढे केली.