मोकळा सोफा

धुण्याभांड्याच्या मावशी संध्याकाळचं काम आटोपलं की दिवाणखान्यात भिंतीला टेकून खाली बसत आणि मालिका बघत. शेजारी सोफ्यावर मालकीणबाई. या निवृत्त मुख्याध्यापिका दिसल्या की अजूनही आख्खी गल्ली सायकलवरून खाली उतरते! त्याही तीच मालिका बघत, पण कपाळाला आठ्या घालून, “काय हा फालतूपणा” म्हणत.

त्या दिवशी मालिकेतली सून घर सोडून निघाली. मावशींच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात कुणीतरी त्यांचा हात घट्ट धरला. बघतात तर काय, बाई सोफ्यावरून घसरत घसरत थेट फरशीवर आलेल्या, चष्मा कपाळावर, नाक लालबुंद! एवढं मोठं माणूस, आणि हात आपल्यासारखाच गार पडलेला.

जाहिराती लागल्या. आता बाई भानावर येणार, म्हणून मावशी लगबगीने उठू लागल्या.

“कुठे निघालीस? बस गं. आणि सरक थोडी, मलाही भिंतीला टेकू दे.”

मावशी सरकल्या. सुनेचं पुढे काय झालं, ते त्यांना आजही सांगता येत नाही. त्या सगळा वेळ मोकळ्या सोफ्याकडेच बघत होत्या.