लेकरू गाडीवर कुठं बसतं?

गुलमंडीवर स्वेटर विकणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. लहान मुलाचं काही मागितलं की भाव सांगायच्या आधी ते विचारतात, "लेकरू गाडीवर कुठं बसतं?" पुढं वाऱ्यात बसत असेल तर जाड जाकीट, मागं बसत असेल तर साधं स्वेटर. माझी मुलगी कारनं फिरते हे कळल्यावर त्यांनी माझ्या हातातलं अठराशेचं जाकीट काढूनच घेतलं. "कशाला ताई? पुढच्या साली आखूड व्हतंय." मला तो थोडा अपमान वाटला होता.

परवा संध्याकाळी मी तिथं असताना एक तरुण तीनेक वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून तो साठ किलोमीटरवरच्या कन्नडला निघाला होता. त्यानं तीनशेचं स्वेटर उचललं.

"हे नाय चालायचं, भाऊ. नऊशेचं जाकीट हाय, सहाशेला देतो."

"तीनशेच हायेत खिशात."

मुलाला त्यांनी स्वेटर घातलं, समोरच्या वर्तमानपत्राची जाड घडी केली, ती आत छातीवर सारली आणि वरून बटणं लावली. मुलगा चालू लागला तसा कागद कुरकुरला आणि त्याला हसू फुटलं. बापानंही हसतच गाडीला किक मारली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते उभे होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कन्नडपर्यंत पुरायचा नाय तो कागद."