बरण्या स्वच्छ ठेवा

वाणी फाडून फाडून बोटांना असा वास लागला होता की साबणानंही जाईना. वाणी म्हणजे दुकानदार नव्हे. पावसाळ्यात सुपारीच्या वाडीत फिरणारा, हात लावताच चकलीसारखा वळणारा तो लालसर किडा. तीस सालानंतरचा एक पावसाळा. जंजिरा संस्थानातल्या श्रीवर्धनला, वाडीच्या मालकीण भीमाक्का यांच्या पडवीत मी मायक्रोस्कोप मांडून बसलो होतो.

वाणीच्या आतड्यात ग्रेगरिन नावाचा एकाच पेशीचा परोपजीवी राहतो. अंगात आडवा पडदा, मागच्या भागात केंद्रक. मोठे झाले की दोघे एकमेकांना चिकटतात आणि भोवती गोल कवच करून घेतात. त्या गोळीला सिस्ट म्हणायचं. तिच्यात पुढे बीजाणू होतात. जोड्या मला रोज दिसत. पिकलेली सिस्ट एकही नाही.

मुंबईहून माझा प्रबंध पाहणाऱ्या प्रोफेसरांचं पत्र आलं. “तुमचे प्राणी लग्न करून बेपत्ता होतात काय? महिनाअखेर बीजाणू दाखवा, नाहीतर विषय दुसऱ्याला देतो.” दोन वर्षं घातली होती मी त्या विषयात.

घाबरलो की मी शिस्त वाढवतो. वाडीवरचा गडी धर्मा, मी आल्यापासून माझ्या सांगण्यावरून जिवंत वाणी ठेवलेल्या बरण्या रोज धुवायचा. त्याला बजावलं, “बरण्या आता रोज दोनदा धुवायच्या. घाण दिसता कामा नये.”

“व्हय सायेब.”

माणूस इमानी. बरण्या लखलखीत.

मग भाताच्या लावणीसाठी तो म्हसळ्याकडे गावी गेला. भीमाक्का किड्यांना शिवणं शक्य नव्हतं, आणि मी कसला धुतोय? चौथ्या दिवशी त्या पदर नाकाला लावून उभ्या.

“अहो, माझा रवा या किड्यांना घालता होय?”

“कसला रवा?”

“मग बरणीत हे काय सांडलंय?”

तळाशी, लेंड्यांमध्ये, पांढरे कण. लेन्सखाली धरले. सगळ्या सिस्ट. त्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दमट जागी पिकतात. पुस्तकात ही ओळ होती. मी ती लाल पेन्सिलीनं अधोरेखितही केली होती. आणि दोन महिने माझ्याच हुकमानं धर्मा माझा प्रबंध सुपारीच्या मुळाशी ओतत होता.

धर्मा परतला, बरण्या पाहून ओशाळला. “माफी करा सायेब, लई घान झाली. आत्ता धुतो.”

“हात लावशील तर बघ.”

आठवड्यात बीजाणू मिळाले, पुढे पदवीही. प्रबंधात मी आभार मानले होते, ‘धर्मा याचे, वेळेवर गैरहजर राहिल्याबद्दल.’ प्रोफेसरांनी ते वाक्य खोडलं. शास्त्रीय लिखाणात थट्टा नको, म्हणाले.

थट्टा नव्हती हो ती.