मी गाळत होते तो प्रश्न

गेल्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी दहा वाजता मी माझ्या छत्तीस वर्षांच्या मुलाचा अभ्यास घ्यायचे. तो अमेरिकेत डॅलसला, मी कॅनडात एडमंटनला, मधे फोन. त्याची अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली होती. तिथला ऑफिसर तोंडी विचारतो: राज्यघटना कशासाठी, सरकारच्या शाखा कोणत्या, कायदे कोण करतं. प्रश्नांची यादी सरकारच देतं, उत्तरांसकट. ‘आई, इट्स इझी. ॲपवर करीन मी,’ तो म्हणाला होता. ॲपवर म्हणे! नागपूरच्या शाळेत मी वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय. म्हटलं, ‘गुपचूप बस. अभ्यास मी घेणार.’

खरं कारण वेगळंच होतं. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरात मी एकटी. कधी कधी सोमवार ते शनिवार तोंडातून एक मराठी शब्द निघत नाही. मुलगा फोन करायचा, नाही असं नाही. पण ‘कशी आहेस’, ‘बरी आहे’, ‘ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलास का’, ‘केला’, की संपलं. अभ्यास म्हटला की तासभर तरी बोलणं व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या तासाची हाव सुटली होती.

मग मीही तयारीला लागले. लायब्ररीतून अमेरिकेच्या शासनव्यवस्थेवरची दोन पुस्तकं आणली, वहीत मुद्दे काढले. कोणाच्याही हातात सगळी सत्ता जाऊ नये म्हणून त्या लोकांनी केवढी खबरदारी घेतलीय! अध्यक्षाने कायदा अडवायचा, संसदेने तो अडथळा ओलांडायचा, कोर्टाने दोघांना आवरायचं. वाचताना मजा आली. पण कोणाला सांगणार? समोरच्या भिंतीला सांगितलं, मोठ्याने.

अभ्यास घ्यायची माझी पद्धत जुनीच. यादीत एका प्रश्नाला पाच उत्तरं असली आणि ऑफिसरला एकच पुरत असलं, तरी पाचही यायला हवीत, तीही ओळीने. ‘आई, वन इज इनफ!’ तो ओरडायचा. ‘इनफ तिकडे. माझ्याकडे सगळी सांग,’ मी म्हणायचे. एकदा तर मी त्याचं बरोबर उत्तर चूक ठरवलं. ‘कार्यकारी शाखेचा प्रमुख कोण?’ तो म्हणाला, ‘प्रेसिडेंट.’ मी म्हटलं, ‘चूक! तो नुसता नाममात्र असतो, कारभार पंतप्रधान बघतो.’ वीस वर्षं पोरांच्या डोक्यात मी हेच भरलं होतं ना! कॅनडातही राजा नावालाच. तो इतका हसला, इतका हसला, की मला आधी राग आला आणि मग मीही हसायला लागले. बाप्पा, या घरात किती दिवसांनी कोणी हसलं होतं.

एक प्रश्न मात्र मी दर वेळी गाळायचे. नागरिक होताना तुम्ही कोणतं वचन देता? त्याची सहा उत्तरं होती आणि पहिलंच होतं, इतर देशांवरची निष्ठा सोडून देईन. कॅनडाचा पासपोर्ट त्याच्याकडे राहणारच होता, ते मला कळत होतं. मी वेडी नाही. पण अमेरिकेला जाताना तो म्हणाला होता, ‘दोन वर्षं, आई, मग परत येतो.’ त्याच्या गाडीचे बर्फातले विंटर टायर मी अजून गराजमध्ये ठेवलेत. त्याला आठ वर्षं झाली. आता म्हणतो, ‘सिटिझन झालो की तुला इकडे बोलावून घेतो.’ या वयात तिसरा देश? इथल्या बर्फाशी जुळवून घेता घेताच माझं आयुष्य गेलं. तो परत येईल या आशेवर मी होते, आणि त्या वचनापाशी आलं की जीभ अडायची. मी पान उलटायचे आणि युद्धांचे प्रश्न घ्यायचे.

मुलाखतीआधीचा शेवटचा रविवार आला. आदल्या दिवशी मनात आलं, नेमकं तेच विचारलं आणि पोरगा अडला तर? माझी मलाच लाज वाटली. मास्तरीण म्हणवते आणि पोराला नापास करायला निघाले!

सगळं विचारून झाल्यावर मी तो प्रश्न विचारला.

‘येतं ना?’

‘येतं,’ तो म्हणाला. ‘तू गाळतेस ते मला पहिल्या रविवारीच कळलं होतं.’

‘मग सांग की.’

‘आय विल ओबे द लॉज,’ तो हळूच म्हणाला.

कायदे पाळीन, हे तिसरं उत्तर होतं. माझ्यासाठी त्याने वरची दोन सोडली होती. मला भडभडून आलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, ऑफिसरला एकच पुरतं. पण मग आम्ही दोघंही एकमेकांना फसवत बसलो असतो, आणखी आठ वर्षं.

‘असं नाही,’ मी म्हटलं. ‘पहिल्यापासून.’

‘आई, राहू दे ना.’

‘पहिल्यापासून सांग म्हटलं ना!’

त्याने सांगितलं. लहानपणी कविता म्हणायचा तसं, एका दमात, सहाच्या सहा.

‘बरोबर,’ मी म्हणाले. ‘आता तू कुठेही अडणार नाहीस.’